चॅटममध्ये घर घ्यावं का?

शिकागोच्या दक्षिण भागात, ज्याला सगळे साउथ साइड म्हणतात तिथे, चॅटम नावाची वस्ती आहे. तिच्या अनेक गल्ल्यांच्या तोंडाशी एक पाटी असते. वर त्या गल्लीच्या ब्लॉक क्लबचं नाव, खाली ‘स्वागत’, आणि त्याखाली नकारांची रांग: रस्त्यात चेंडू खेळू नये, गाडी धुऊ नये, गाडी दुरुस्त करत बसू नये, मोठ्यानं गाणी लावू नयेत, घोळका करून उभं राहू नये. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटावं. पाटीमागे ओळीनं विटांचे दीडमजली बंगले, प्रत्येकाला चार-सहा पायऱ्या आणि पुढे नेमानं कापलेली छोटीशी हिरवळ. शिकागोत अशा धर्तीचे सुमारे ८० हजार बंगले आहेत, बहुतेक १९१० ते १९४० या काळात बांधलेले.

चॅटमची लोकसंख्या सुमारे ३१ हजार आणि जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. शिक्षिका, पोस्टातले कर्मचारी, पोलीस, बसचालक, नर्स, महापालिकेतले लोक, एखादा वकील, एखादा दुकानदार, आणि आता पुष्कळसे पेन्शनर. अमेरिकेतली कृष्णवर्णीय वस्ती पडद्यावर आपल्याला दोनच रूपांत भेटते, गोळीबारात नाही तर गाण्यात. सकाळी उठून कामावर जाणारी, हप्ते फेडणारी, मुलीच्या पियानोच्या शिकवणीचे पैसे बाजूला काढणारी वस्ती कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण तिच्यात बातमी नसते.

एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. ती सरकारी शाळेत शिक्षिका, तो महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात. दोघंही कृष्णवर्णीय. मुलगा तीन वर्षांचा. भाड्याच्या घरातून बाहेर पडून स्वतःचं घर घ्यायचंय. शिकागोत एक नियम आहे: महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी, पोलीस-अग्निशमन दलातल्या लोकांनी आणि सरकारी शाळांतल्या बहुतेक शिक्षकांनीही शहराच्या हद्दीतच राहायला हवं. म्हणजे या दोघांना उपनगर तूर्तास बंद. शहरात गोऱ्यांचा महागडा उत्तर भाग आहे, हाइड पार्कसारखा मिश्र पण महागडाच भाग आहे, आणि चॅटम आहे. कुठल्याही आईबापांच्या हिशेबात किंमत, शाळा आणि कामाचं अंतर असे रकाने असतात. या दोघांच्या कागदावर आणखी एक रकाना आहे, वंशाचा, आणि तो बाकीच्या सगळ्या रकान्यांत हात घालतो.

तो कसा, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. शिकागोत त्यांना साउथ साइडच्या एका अरुंद पट्ट्यात कोंबण्यात आलं. बाहेर पडायची वाट कागदोपत्री बंद होती. शेजारचे घरमालक आपसांत करार करून खरेदीखतात कलम घालत: हे घर कृष्णवर्णीय माणसाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. घरात राहणाऱ्या नोकराला मात्र सूट असे. कार्ल हॅन्सबेरी नावाच्या व्यावसायिकानं १९३७मध्ये अशाच एका भागात घर घेतलं. जमाव चालून आला, वीट भिरकावली गेली, ती त्यांच्या लहान मुलीला थोडक्यात लागायची राहिली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४०मध्ये हॅन्सबेरी जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत, हा सरसकट निकाल यायला १९४८ उजाडलं. वीट चुकलेली ती मुलगी म्हणजे लोरेन हॅन्सबेरी. गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायला निघालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबावरचं तिचं ‘अ रेझिन इन द सन’ १९५९मध्ये ब्रॉडवेवर आलं.

करार गेले तरी कर्ज राहिलंच. १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले होते. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोक्याचा, आणि कृष्णवर्णीय राहतात तो भाग बहुधा लाल. सरकारी हमीचं स्वस्त गृहकर्ज तिथे पोचत नसे. मग दलाल पुढे आले. घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून घर स्वस्तात घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला दीडदोन पटीनं हप्त्यांवर द्यायचं. यातली खुबी अशी की शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला की कुटुंब रस्त्यावर, भरलेले सगळे पैसे बुडीत, आणि घर पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळं. अशा कंत्राटांतून शिकागोच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे आजच्या हिशेबानं ३ ते ४ अब्ज डॉलर गेले, असं २०१९च्या एका अभ्यासात निघालं. गरिबी नैसर्गिकपणे साचते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा व्यवहार एकदा बारकाईनं वाचावा.

चॅटम या वातावरणात घडलं. १९५०मध्ये तिथे कृष्णवर्णीय लोक एक टक्क्याहूनही कमी होते. १९६०मध्ये ते सुमारे ६४ टक्के झाले. पुढच्या दहा वर्षांत उरलेले बहुतेक गोरेही निघून गेले. सुरुवातीला आलेल्यांत गायिका महालिया जॅक्सन होत्या. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात त्यांनी इथे घर घेतलं तेव्हा खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दारात पोलीस पहारा बसवावा लागला. पुढे तेच घर रोलंड बरिस यांनी घेतलं. ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्यावर त्यांच्या रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेवर नेमले गेले ते हे बरिस.

पण गोरे गेले म्हणून चॅटम ढासळलं नाही, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आलेले लोक नोकरदार होते, पोटाला चिमटा काढून घेतलेलं घर टिकवायला निघालेले होते. बँका कर्ज देत नाहीत म्हणून त्यांनी आपल्या बँका काढल्या: १९६४मध्ये इंडिपेंडन्स बँक, १९६५मध्ये सीवे बँक. केसांची उत्पादनं बनवणारी जॉर्ज जॉन्सन यांची जॉन्सन प्रॉडक्ट्स याच भागातली. १९७१मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर आलेली ती कृष्णवर्णीय मालकीची पहिली कंपनी. पाट्या आणि ब्लॉक क्लब याच जिद्दीतून आले. कुणाचं गवत वाढलंय, कुणी पडकी गाडी दारात ठेवलीय, कुठल्या कोपऱ्यावर नवं दारूचं दुकान येऊ घातलंय, यावर बैठका होत. आज त्या पाट्या वाचून हसू येतं. तेव्हा मात्र गवत वाढलं की मूल्यांकन करणाऱ्याला घराची किंमत पाडायला निमित्त मिळत होतं, हे ठाऊक असलेली माणसं त्या लिहीत होती.

आता मुलाचा प्रश्न घेऊ.

समाजशास्त्रज्ञ मेरी पॅटिलो यांनी नव्वदीच्या दशकात साउथ साइडवरच्या अशाच एका वस्तीत राहून अभ्यास केला. वस्तीला त्यांनी ग्रोव्हलँड असं टोपणनाव दिलं. १९९९मध्ये आलेलं त्यांचं ‘ब्लॅक पिकेट फेन्सेस’ हे पुस्तक या विषयावर आजही सर्वांत आधी काढलं जातं. त्यांचा मुद्दा भूगोलाचा आहे. गोरा मध्यमवर्ग पैसा हाती आला की गरिबीपासून मैलोगणती लांब जाऊ शकतो. कृष्णवर्णीय मध्यमवर्गाला तितकी दूर जायची वाटच मिळाली नाही, म्हणून त्याची वस्ती जवळजवळ नेहमी गरीब वस्तीला खेटून असते. दुकान तेच, बाग तीच, बसथांबा तोच, बऱ्याचदा शाळाही तीच.

पॅटिलो यांनी टिपलेली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे टोळीचा माणूस बाहेरून येत नाही. तो याच गल्लीतल्या कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाचा असतो. चर्चमधल्या बायकांनी त्याला पाळण्यात पाहिलेलं असतं. त्यामुळे तो आपल्या गल्लीत गडबड होऊ देत नाही. भिंती रंगवू देत नाही, म्हाताऱ्यांना त्रास देऊ देत नाही. आणि त्यामुळेच पोलिसांना फोन करायला हात धजत नाही, कारण फोन केला तर तो अमक्या ताईंच्या मुलावर. वस्ती शांत राहते, पण ती शांतता कुणाच्या जिवावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. याच रस्त्यानं रोज शाळेत जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासमोर दोन्ही वाटा उघड्या असतात, आणि दोन्ही वाटांवर त्याचे ओळखीचे चेहरे असतात. गोऱ्या उपनगरातल्या मुलानं त्या वयात केलेली चूक म्हणजे एक ओरडा आणि आठवडाभर फोन बंद. इथे तीच चूक पोलीस ठाण्यात नोंदली जाते.

हे एका वस्तीपुरतं नाही. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये देशभरची आकडेवारी मांडली. वर्षाला ५५ ते ६० हजार डॉलर मिळवणारं कृष्णवर्णीय कुटुंब साधारणपणे ज्या उत्पन्नगटाच्या परिसरात राहतं, तशाच परिसरात वर्षाला १२ हजार डॉलरवर भागवणारं गोरं कुटुंब राहतं. म्हणजे पगार मध्यमवर्गाचा आणि शेजार गरिबीचा. चॅटमनंही ते अनुभवलं: २०१०मध्ये, इराकमध्ये सैनिकी सेवा करून आलेला एक तरुण पोलीस ड्युटीवर नसताना चॅटममधल्या आईवडिलांच्या घरासमोर त्याची मोटरसायकल चोरायला आलेल्यांच्या गोळीनं मारला गेला, तेव्हा वस्तीतली जुनी माणसं हादरली, कारण ते घर म्हणजे पाटीवरचे सगळे नियम पाळणाऱ्यांचं घर होतं.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की मग उत्तर सोपं आहे, मुलगा घेऊन गोऱ्यांच्या भागात जावं. आकडे तसं म्हणत नाहीत.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या चमूनं २०१८मध्ये सुमारे दोन कोटी अमेरिकन मुलांची माहिती तपासली, बालपणीचा पत्ता आणि मोठेपणीची कमाई एकत्र लावून. देशातल्या ९९ टक्के परिसरांत एकच चित्र निघालं: त्याच भागात, तितक्याच उत्पन्नाच्या घरात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा मोठेपणी गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो. पत्ता बदलून फरक पडतो, पण दरी बुजत नाही. सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरात जन्मलेलं कृष्णवर्णीय मूल वरच टिकण्याची शक्यता जवळजवळ तितकीच, जितकी ते थेट तळाच्या हिश्श्यात घसरण्याची. गोऱ्या मुलांच्या बाबतीत टिकण्याची शक्यता घसरण्याच्या सुमारे पाचपट. मुलींत मात्र ही दरी दिसत नाही. सारख्या घरांतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलींची कमाई जवळपास सारखीच. म्हणजे आपल्या जोडप्याला मुलगा आहे की मुलगी, यावर हिशेब बदलतो.

त्याच अभ्यासात एक निष्कर्ष आहे, जो मी दोनदा वाचला. कृष्णवर्णीय मुलगे जिथे त्यातल्या त्यात पुढे गेले त्या परिसरांत दोन गोष्टी होत्या: गोऱ्यांच्या मनात वंशद्वेष कमी, आणि आसपासच्या घरांत कृष्णवर्णीय बाप हजर. स्वतःच्या घरात बाप आहे की नाही एवढ्यापुरतं हे नाही. गल्लीतल्या इतर घरांतले बापही मोजायचे. दुपारी चारला हिरवळीला पाणी घालणारा निवृत्त पोस्टमन, पोरगा शाळेतून येताना त्याला नावानं हाक मारणारा समोरचा बसचालक, ही माणसं आकडेवारीत दिसतात. गरिबी दहा टक्क्यांच्या आत आणि निम्म्याहून जास्त बाप घरात, अशा परिसरात वाढणारी कृष्णवर्णीय मुलं पाच टक्क्यांहून कमी आहेत. गोऱ्या मुलांपैकी ६३ टक्क्यांना असा परिसर मिळतो. चॅटमसारखी वस्ती यातली बापांची बाजू काही अंशी देऊ शकते, गरिबीच्या बाजूनं ती मार खाते. श्रीमंत गोऱ्या उपनगरात नेमकं याच्या उलट.

कृष्णवर्णीय मध्यमवर्गातल्या आया हे फार आधी ओळखून होत्या. १९३८मध्ये फिलाडेल्फियात काही कृष्णवर्णीय आयांनी जॅक अँड जिल नावाची संस्था काढली, आपल्यासारख्या घरांतली मुलं एकमेकांना भेटावीत म्हणून. ती आज देशभर आहे. वर्गात एकटंच कृष्णवर्णीय मूल असलं की त्याच्या केसांना कोण हात लावतं, दुकानात त्याच्या मागे कोण फिरतं, वाढदिवसाला त्याला कोण बोलावत नाही, हे प्रश्न शाळेच्या मानांकनात नसतात. शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कनं तर सत्तरीच्या दशकापासून मिश्र वस्ती टिकवण्यासाठी मनापासून प्रयत्न केले. गोऱ्यांनी घाबरून पळू नये म्हणून घरांच्या किमतीची हमी देणारी योजनाही काढली. तरी तिथल्या मोठ्या हायस्कूलवर २०१८मध्ये आलेली ‘अमेरिका टू मी’ ही मालिका पाहिली की दिसतं, इमारत एक आणि वरच्या अभ्यासक्रमाचे वर्ग बहुतेक गोरे.

पैशांचा रकाना मात्र चॅटमच्या विरोधात जातो, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१८च्या ब्रुकिंग्ज संस्थेच्या अभ्यासानुसार कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या परिसरात घराला सारख्याच घराच्या तुलनेत सुमारे २३ टक्के कमी किंमत मिळते. घर तसंच, सोयी तशाच, फक्त शेजारी वेगळे. दर घरामागे सरासरी ४८ हजार डॉलर, देशभर मिळून १५६ अब्ज. मध्यमवर्गाची पुंजी घरातच असते, त्यामुळे हा फटका पिढ्यान्‌पिढ्या वाहत येतो. २०२२मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. चॅटममध्ये वाढलेल्या पत्रकार नॅटली मूर यांनी ‘द साउथ साइड’ या २०१६च्या पुस्तकात स्वतःचाच हिशेब दिलाय. २००८मध्ये ब्रॉन्झव्हिल या जुन्या कृष्णवर्णीय भागात त्यांनी फ्लॅट घेतला आणि काही वर्षांतच त्याची किंमत निम्म्याहून खाली आली. शिकागोचा उत्तर भाग मंदीतून सावरला, दक्षिण भाग बराच काळ तसाच पडून राहिला.

वरून किरकोळ खर्च वेगळे, आणि ते दर महिन्याला. मालमत्ता कराची आकारणी कुक काउंटीत स्वस्त घरांवर जास्त आणि महागड्या घरांवर कमी होत होती, हे शिकागो ट्रिब्यूननं २०१७मध्ये उघड केलं. त्याच वर्षी प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेनं दाखवलं की गाडीच्या विम्याचा हप्ता अल्पसंख्य वस्त्यांत जास्त, जोखीम सारखी असली तरी. म्हणजे स्वस्त घर घेतलेला माणूस कर आणि विम्यातून ती स्वस्ताई परत करत बसतो. सीवे बँक २०१७च्या जानेवारीत बुडाली. ती डॅलसच्या स्टेट बँक ऑफ टेक्सासनं उचलली, जी भारतीय वंशाच्या पटेल कुटुंबाची आहे. २०१९च्या फेब्रुवारीत चॅटमचं टार्गेट हे मोठं दुकान बंद झालं. त्याच सुमारास कंपनी उत्तर भागात नवी दुकानं उघडत होती, त्यामुळे लोक चिडले. मोकळ्या इमारतीत २०२१मध्ये डिस्कव्हर या क्रेडिट कार्ड कंपनीनं ग्राहकसेवा केंद्र सुरू केलं, सुमारे हजार नोकऱ्यांचं उद्दिष्ट ठेवून.

शाळेचं काय, हा प्रश्न शिकागोत थोडा विचित्र आहे. घराजवळच्या शाळेतच जायला हवं अशी सक्ती नाही. प्रवेशपरीक्षा घेणारी सरकारी हायस्कूलं आहेत आणि तिथे जागा वाटताना २०१०च्या सुमारापासून शहराचे आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार चार स्तर केले गेले. तीस टक्के जागा निव्वळ गुणांवर, बाकीच्या चार स्तरांत सारख्या वाटून. म्हणजे सुखवस्तू भागातल्या मुलाला जितके गुण लागतात त्याहून कमी गुणांत साध्या भागातल्या मुलाला तीच शाळा मिळू शकते. चॅटमचा पत्ता इथे उपयोगी पडतो. किंमत द्यावी लागते ती प्रवासाची. मिशेल ओबामा जवळच्या साउथ शोअरमधल्या. वडील महापालिकेच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात, घर म्हणजे आईच्या आत्याच्या बंगल्याचा वरचा मजला. चांगल्या सरकारी हायस्कूलसाठी त्या बसनं तासाहून जास्त प्रवास करत. चॅटमला रेड लाइनची ७९ आणि ८७ नंबरच्या रस्त्यावरची स्थानकं जवळ आहेत, हे त्यातल्या त्यात बरं. उलट बाजूही आहे: २०१३मध्ये शहरानं एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या, आणि त्यांतली बहुतांश मुलं कृष्णवर्णीय होती.

यामुळे माणसं सोडूनही चाललीत. १९८०मध्ये शिकागोत जवळजवळ १२ लाख कृष्णवर्णीय लोक होते, २०२०मध्ये ८ लाखांहून कमी. बरेच जण अटलांटाकडे गेले. तिथे कॉलियर हाइट्ससारखी वसाहत आहे, जी पन्नास-साठच्या दशकांत कृष्णवर्णीयांनीच आखली आणि बांधली. कुणी सोडून गेलेली घरं त्यांनी घेतली नाहीत. पण तिथलाही इतिहास काही फुलांचा नाही. १९६२च्या डिसेंबरात एका कृष्णवर्णीय डॉक्टरनं नैर्ऋत्य अटलांटात गोऱ्यांच्या वसाहतीत घर घेतलं म्हणून महापौरांनी पेटन रोडवर चक्क अडथळे उभारून रस्ता बंद केला. न्यायालयानं १९६३च्या मार्चमध्ये ते काढायला लावले. गोरे निघून गेले आणि तो भाग पुढे कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा, वरच्या मध्यमवर्गाचाही, नामांकित पत्ता झाला.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचा या सगळ्याशी संबंध आहे, तो मानतो त्याहून जास्त. नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात १९६५चा स्थलांतर कायदा झाला आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ शकले. १९६८चा गृहनिर्माण कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सहीसाठी आला. आज शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये कुठल्याही रंगाच्या माणसाला घर नाकारता येत नाही, ते त्याच्यामुळे. ज्यांनी रस्त्यावर मार खाल्ला त्यांच्या आधी त्याचा फायदा आपल्याला मिळाला. तरी नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाला पहिला सल्ला मिळतो तो ‘साउथ साइडकडे फिरकू नका’ हा, आणि दुसरा शाळेचं मानांकन बघायचा. कायद्यानं दलालाला वंशावरून वस्ती सुचवता येत नाही, मानांकन मात्र दाखवता येतं, आणि ते बहुतांशी पालकांच्या उत्पन्नाचंच प्रतिबिंब असतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर न्यूजडे या दैनिकानं छुप्या कॅमेऱ्यानं दलाल तपासले. २०१९मध्ये छापलं की ग्राहक म्हणून पाठवलेल्या कृष्णवर्णीय माणसांना ४९ टक्के वेळा गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक मिळाली. आशियाई माणसांना १९ टक्के वेळा. त्या १९ टक्क्यांत आपणही येतो.

तर आपल्या जोडप्यानं काय करावं? माझं मत असं. घर म्हणजे निवृत्तीची एकमेव पुंजी असेल, दहा वर्षांत विकून पुढे जायचा विचार असेल, तर चॅटम घेऊ नये. त्या बाजारात वाट बघायची ताकद नसलेला माणूस मरतो. निवृत्तिवेतन वेगळं असेल (महापालिका आणि शाळेच्या नोकरीत ते असतं) आणि मुलाला त्याच घरात लहानाचं मोठं करायचं असेल, तर चॅटम घ्यावं. तिथे मुलगा कुणाचा तरी मुलगा म्हणून वाढेल. गोऱ्या भागात तो आधी कृष्णवर्णीय मुलगा असेल आणि मग बाकी सगळं. बारावं वर्ष लागायच्या आत हायस्कूलचा विचार पक्का करावा, आणि संध्याकाळचे तास रिकामे सोडू नयेत.

वस्ती बघताना चॅटमला एक वस्ती समजू नये, गल्लीगणिक फरक आहे. घर पाहायला रविवारी सकाळी जाऊन उपयोग नाही. जुलैतल्या शुक्रवारी रात्री एकदा आणि मंगळवारी दुपारी शाळा सुटताना एकदा जावं. शेजारच्या दोन घरांत कोण राहतं, किती वर्षं राहतं, ते विचारावं. ब्लॉक क्लबची बैठक कधी असते ते विचारावं आणि घर घेण्याआधी तिथे जाऊन बसावं. क्लबच बंद पडला असेल तर पुढची गल्ली बघावी.